शिळ्या पाण्यावर वाढलेली पिल्लं

आमच्या जिन्याखालच्या फळ्यावर परवा पुन्हा ती नोटीस लागली. तलावांतला साठा घटला आहे, सोमवारपासून पाणीकपात, रहिवाशांनी सहकार्य करावे. तिच्याखाली कुणीतरी बॉलपेनने 'दरवर्षीचंच आहे' असं लिहून ठेवलंय. अँटॉप हिलच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये या नोटिशीबरोबर एक वेगळाच ऋतू सुरू होतो. माळ्यावरची पिंपं खाली येतात. एरवी एकमेकींकडे न बघता जिना उतरणाऱ्या बायका "तुमच्याकडे आलं का?" एवढ्या एका प्रश्नावर थांबून बोलायला लागतात. बाहेर गुलमोहर पेटलेला असतो, पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत असतो, आणि मी न्हाणीघरात पिंप घासत बसलेली असते. "पाणी जातंय आणि तू हसतेस काय?" असं मिलिंद, माझा नवरा, विचारतो. त्याला कारण ठाऊक आहे. तरी विचारतो.

त्या वर्षीचा उन्हाळा मला असा पिंपाच्या तळाशी सापडतो.

त्या फेब्रुवारीत सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. परळची त्यांची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होत होती. चाळीतली माणसं कुणी विरारला, कुणी कल्याणला, कुणी मुलीकडे अशी पांगली. सासूबाई एक ट्रंक, दोन पिशव्या आणि टॉवेलात गुंडाळलेली बुद्धाची पितळी मूर्ती घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. सारी नोकरी त्यांनी एका प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून केली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी चाळीत त्या 'सिस्टर'च होत्या. कुणाच्या पोटात दुखलं, कुणाचं बाळ रडायचं थांबेना की पहिली हाक त्यांना. इथे क्वार्टर्समध्ये त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं. सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली की त्या हॉलमधल्या खुर्चीवर बसत, हात मांडीवर ठेवून, तिकिटाच्या रांगेत नंबर यायची वाट बघावी तशा.

मला त्या शुभदा न म्हणता 'टीचर' म्हणायच्या, आणि 'तुम्ही' म्हणायच्या. मी दादरच्या एका शाळेत भूगोल शिकवते म्हणून टीचर. तुम्हीचं कारण मात्र जुनं होतं. माझं माहेर फणसवाडीतलं, सोवळंओवळं पाळणारं. मिलिंदशी लग्न केलं तेव्हा माझ्या घरून कुणी आलं नव्हतं. पुढे हळूहळू जाणं-येणं सुरू झालं, तेही सणासुदीला, घड्याळ बघत. सासूबाईंनी या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. फक्त मला त्यांनी वीस वर्षं पाहुणीसारखं जपलं. परळला गेले की माझ्यासाठी वेगळा नवा कप निघायचा. मी ओट्याशी उभी राहिले की "राहू द्या टीचर, तुम्ही बसा." त्या माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. मैत्रिणींना याचा हेवा वाटायचा. त्यांना काय सांगणार? ज्या घरात आपल्यावर कुणी ओरडत नाही, त्या घरात आपण पायाची बोटं दुमडून बसलेले असतो.

माशांची टाकी आमच्या मुलाची, अनिकेतची. तो शिकायला नागपूरला गेला आणि टाकी मागे राहिली. तिच्यात चार एंजल मासे होते. चांदीच्या पातळ पत्र्याचे त्रिकोण कापावेत, त्यांवर उभे काळे पट्टे ओढावेत आणि वरखाली लांब झालरी लावाव्यात, तसे दिसणारे. ते घाईने पोहत नाहीत. पडद्यामागून कुणीतरी सरकवल्यासारखे सरकतात. सासूबाईंची माशांशी ओळख बाजारातली, कल्ले लाल आहेत का बघून घ्यायची. "हे नुसते बघायचे?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी हो म्हटल्यावर त्यांनी मान वळवली. पण खुर्ची टाकीसमोर होती आणि दिवस मोठा होता. त्या बघत राहिल्या.

मार्चमध्ये मी पेपरांच्या गठ्ठ्यात बुडाले असताना हॉलमधून हाक आली.

"टीचर, जरा येता का? या दोघांचं काहीतरी चाललंय."

चौघांपैकी दोघांनी टाकीचा एक कोपरा बळकावला होता. बाकीचे दोघं जवळ आले की त्यांना हुसकावून लावत होते, आणि मधल्या वेळात एक रुंद हिरवं पान तोंडाने पुसत होते. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"जागा स्वच्छ करतायत," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "लेबर रूम."

संध्याकाळी मादीने पानाला पोट टेकवून अंडी घालायला सुरुवात केली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, पारदर्शक, एकाखाली एक ओळीत. ती एक ओळ पूर्ण करून बाजूला व्हायची आणि नर मागून त्याच ओळीवरून जायचा. आमचं जेवण तसंच राहिलं. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. "पहिलटकरीण आहे," त्यांनी निकाल दिला. "बघा कशी गोंधळलीय. पण नवरा बरा आहे."

सकाळी पान कोरं होतं. आईबापांनीच अंडी खाऊन टाकली होती. अनिकेतने फोनवर सांगितलं, पहिल्या वेळी बऱ्याचदा असं होतं. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी खुर्ची उचलून गॅलरीकडे तोंड करून ठेवली आणि दिवसभर टाकीकडे पाहिलं नाही. "असली आई मी बघितली नाही," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर आपणहून बोलायला लागल्या. त्या नोकरीला नवीन असताना वॉर्डात लालबागची एक मुलगी होती. बाळ झालं आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली. बाळाकडे बघेना, घेईना. "मी तिला नाही नाही ते बोलले. मला वाटलं माज आहे. मग आमच्या मोठ्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ती घाबरलीय, दिसत नाही का तुला? पहिलटकरणीला ओरडायचं नसतं."

"मग?"

"मग काय! दोन दिवसांनी मागितलं की तिने. मागितलं ते सोडेचना." त्यांनी चहा संपवला. कप ठेवला आणि खुर्ची पुन्हा टाकीकडे वळवली.

दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी आली. या वेळी मिलिंदने मोबाइलवर बरंच काही वाचून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं पडलं, अंड्यांचं पानच काढून वेगळ्या डब्यात ठेवायचं, हवेची नळी सोडायची, आईबापांचा संबंधच नको. मलाही ते शास्त्रीय वाटलं. सासूबाईंना ते आवडलेलं नव्हतं. "मूल आईपासून काढायचं नसतं," त्या म्हणाल्या. मिलिंद म्हणाला, "अगं, आईच खाते त्यांना." यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं घर आहे टीचर. तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. पान काढलं. तीन दिवसांत सगळ्या अंड्यांवर पांढरी बुरशी चढली. आईबाप टाकीत पंखांनी वारा घालतात, खराब अंडं तोंडाने वेचून टाकतात, ते काम आमच्या डब्यात करणार कोण? डबा धुताना सासूबाई बाजूला उभ्या होत्या. त्या काहीच म्हणाल्या नाहीत, आणि ते 'काहीच' मला ओरडण्यापेक्षा लागलं.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. उरलेले दोन मासे मोठ्या टबात हलवले आणि जोडप्याला अख्खी टाकी दिली. सासूबाईंनी ट्रंकेतून आपलं एक जुनं सुती लुगडं काढलं आणि टाकीच्या तीन बाजूंनी लावलं, वॉर्डात पडदा लावतात तसं. दार हळू लावायचं, टीव्ही लहान आवाजात, टाकीजवळ गर्दी नको, असे नियम झाले. मिलिंद ऑफिसातून आला की चपला काढताना कुजबुजत विचारायचा, "पेशंट कशी आहे?"

अंडी टिकली. मग एके दिवशी त्या राजगिऱ्याच्या दाण्यांना केसासारख्या शेपट्या फुटल्या आणि सगळं पान थरथरायला लागलं. आईने त्यांतलं एक तोंडात घेतलं. सासूबाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. "खाल्लं!" पण ती शेजारच्या पानापाशी गेली आणि तिने ते अलगद तिथे चिकटवलं. मग दुसरं. मग बाप आला, तोही नेऊ लागला. सासूबाईंची पकड सैल झाली. "पाळणा बदलतायत," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. उकाड्यामुळे पुसले असं त्यांचं म्हणणं.

आठवड्याभरात पिल्लं पानावरून सुटली. आईबापांच्या भोवती राखाडी धुकं पोहत असावं, तसं दिसायचं. आता प्रश्न खाण्याचा. अनिकेत व्हिडिओ कॉलवर शिकवायचा आणि आम्ही दोघी करायचो. मिठाच्या पाण्याची उलटी बाटली, तिच्यात हवेची नळी, आणि क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली चिमूटभर तपकिरी पूड. ती पूड म्हणजे आर्टेमिया नावाच्या बारीक जिवांची अंडी. दिवसाभराने बाटलीत नारिंगी ठिपके नाचायला लागायचे. ते गाळायचे, धुवायचे, थेंबाथेंबाने पिल्लांना घालायचे. आमच्या ओट्याला खाडीचा वास लागला. पिल्लांची पोटं खाऊन केशरी दिसायची. सासूबाई ती भिंगातून तपासत. "हा उपाशी राहिला," असं त्या म्हणायच्या. तेवढ्या घोळक्यात तो त्यांना कसा दिसायचा कोण जाणे.

आणि तेवढ्यात जिन्याखाली नोटीस लागली. पिल्लांच्या टाकीतलं थोडं पाणी रोज बदलावं लागतं, तेही नळाचं ताजं नाही. त्यातला औषधाचा उग्र वास उडून जायला ते दिवसभर उघडं ठेवावं लागतं. आम्ही दोन बादल्या टाकीच्या नावाने बाजूला ठेवायला लागलो. कपात वाढली तशी एक बादली गेली. उरलेल्या बादलीवर सगळ्यांचा डोळा.

मे महिन्यातली ती दुपार. मला सुट्टी होती. मी भाजी घेऊन आले तर टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट झालेलं. आईबाप वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. पिल्लांतली कितीतरी तळाशी आडवी पडली होती. सासूबाई हातात वाटी घेऊन उभ्या होत्या आणि वाटीत उकडलेल्या अंड्याचा बलक होता.

"अशक्त दिसत होती हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं जरा ताकद येईल."

बलकाने पाणी नासलं होतं. बदलायची बादली सकाळीच वापरून झाली होती. नळ संध्याकाळशिवाय येणार नव्हता. मी फोन काढून अनिकेतला लावला. तो उचलेना. मी पुन्हा लावला.

"अगं शुभदा, बघत काय बसलीयस? फोन ठेव तो! बादली आण!" सासूबाई ओरडल्या.

मी धावले. बादली आणली, नळी आणली, नळी तोंडाने ओढून घाण पाणी काढायला लागले. तोंडात नासका घोट गेला तो थुंकायलाही उसंत नव्हती. सासूबाई आत गेल्या आणि पिण्याच्या पाण्याचा भरलेला टोप घेऊन आल्या. कालचं, उकळून गार केलेलं. "हे चालेल ना? शिळं आहे." मी मान हलवली. शिळंच तर हवं होतं. तो टोप टाकीत गेला, माठ गेला, फ्रिजमधल्या बाटल्या कोमट करून गेल्या. तरी पुरेना.

"जा, वर विचार," सासूबाई म्हणाल्या. मी वळणार तोच त्याच म्हणाल्या, "थांब. तू नळी धर. मी जाते." आणि तीन महिने ज्यांनी शेजारचं दार वाजवलं नव्हतं त्या बाई पदर खोचून जिना चढल्या.

मला खालून ऐकू येत होतं. "शिळं पाणी आहे का? कालचं? पिंपातलं चालेल." आमच्या वरच्या राणे वहिनी मालवणच्या. त्यांचा खणखणीत आवाज आला, "काय गे बाय, माशांक पाणी? आणि आमका?" सासूबाईंनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण पाचच मिनिटांत राणे वहिनी स्वतः कळशी घेऊन उतरल्या, त्यांच्या मागून समोरच्या घरातली बाई बादली घेऊन. एरवी सकाळी सगळे शिळं पाणी मोरीत ओततात. कपातीत ते कुणी ओतत नव्हतं, जपून ठेवत होतं. जपलेलं पाणी त्या बायकांनी आमच्या टाकीसाठी आणलं. राणे वहिनी काचेपाशी वाकल्या. "ह्ये सरंग्याचे चुलत भाव दिसतत," त्या म्हणाल्या, म्हणजे पापलेटाचे, आणि कळशी खाली ठेवून तिथेच बसल्या.

संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं. निम्मी पिल्लं गेली. सासूबाईंनी ती चमच्याने गोळा केली आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली. मग खुर्चीवर येऊन बसल्या, पुन्हा हात मांडीवर ठेवून.

"माझ्या हातून झालं," त्या म्हणाल्या.

"आई," मी म्हटलं, "पहिलटकरणीला ओरडायचं नसतं."

 त्या हसायला लागल्या, खांदे हलवून, आवाज न करता. हसू थांबल्यावर म्हणाल्या, "चहा टाक." मग आठवलं, नळ अजून यायचा होता आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. चहा राणे वहिनींनी वरून पाठवला. त्या दिवसानंतर 'टीचर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

पुढचे दिवस आठवले की मला त्यांत काही घडलेलं आठवतच नाही, आणि तेच बरं वाटतं. रोज सकाळी दार वाजायचं. कुणीतरी तांब्या, कुणी टोप, कालचं उरलेलं. "सिस्टर, हे घ्या." होय, सिस्टर. कुणाच्या सुनेला सातवा महिना होता, तिचे पाय सुजले होते. तिची सासू पाण्याबरोबर हाही प्रश्न घेऊन आली, आणि तेव्हापासून ते नाव जिन्यात पसरलं. दुपारी टाकीतून उजेड भिंतीवर हलायचा. हवेच्या पंपाची घरघर, बाहेर कावळे, आतल्या खोलीत सासूबाईंची झोप आणि हॉलमध्ये मी पाय पसरून जमिनीवर. पिल्लं आधी नुसत्या कुसळांसारखी होती. एके सकाळी पाहिलं तर एकाच्या पाठीवर टोक आलं होतं. मग पोटाखाली. हळूहळू सगळ्यांनाच आईबापांचा आकार यायला लागला, टिकलीएवढ्या अंगावर तीच झालर, तेच पट्टे. सासूबाई म्हणाल्या, "आता बाळसं धरलं."

पावसाळा निम्मा सरला तेव्हा टाकीत दाटी व्हायला लागली. मिलिंद म्हणाला, दुकानात देऊन टाकू. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात जोडले. ज्यांनी पाणी दिलं त्यांचा पहिला हक्क, असा त्यांचा कायदा. मासे घरोघर गेले. नेताना त्या आधी घर पाहून यायच्या. टाकी उन्हात नाही ना, मांजर नाही ना, खायला कोण घालणार. याला त्या 'डिस्चार्ज' म्हणायच्या. राणे वहिनींना दोन मिळाले. "ह्यांका बघून आता सरंगो खावक जमाचा नाय," अशी त्यांनी तक्रार केली. खाल्ला मात्र त्याच आठवड्यात. वास खाली आला होता.

शेवटी एक जोडी उरली. आम्ही दोघी काचेपाशी उभ्या होतो. सासूबाई माशांकडेच बघत म्हणाल्या, "तुझी आई दुपारची एकटीच असते ना गं? भाऊ-भावजय कामावर जातात तेव्हा?"

मी हो म्हटलं. वीस वर्षांत या दोघी लग्नकार्यांत भेटल्या असतील, "जेवलात का?" यापलीकडे बोलल्या नसतील.

"मग तिच्याकडे देऊया."

रविवारी आम्ही टॅक्सीने फणसवाडीत गेलो. मिलिंदच्या हातात छोटी टाकी आणि पंप. सासूबाईंच्या मांडीवर पाण्याची फुगवलेली पिशवी आणि तिच्यात ते दोघं. जिना त्या एकेक पायरी थांबत चढल्या, पिशवी कुणाला देईनात. माझ्या माहेरी चार पिढ्यांत मासा घरात आलेला नाही. आईने दार उघडलं, आधी मला पाहिलं, मग सासूबाईंना, मग पिशवीला.

"मासे?" ती म्हणाली. "आमच्याकडे?"

"हे तसले नव्हेत," सासूबाई म्हणाल्या. "हे नुसते बघायचे."

आई पिशवीकडे वाकली. पिशवीतला एक मासा वळून तिच्याकडे तोंड करून थांबला.

"बघायचे ना? मग दारात का उभ्या? आत या."

टाकी खिडकीशेजारच्या स्टुलावर लागली. दोघी समोरासमोर बसल्या. सासूबाईंनी खाणं किती, पाणी कसलं, सगळं वॉर्डातल्या पद्धतीने समजावलं, आणि माझी आई, जिने आयुष्यात कुणाचं पटकन ऐकलं नाही, मान हलवत होती. मध्येच तिने विचारलं, "आणि यांना पोरं झाली तर?"

"मला फोन करा," सासूबाई म्हणाल्या.

पोरं व्हायची वाट आईने पाहिली नाही. दोनच दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला तर पलीकडून आई म्हणाली, "तू नको, सिस्टरांना दे." मी फोन सासूबाईंकडे दिला आणि चटणी वाटायला आत गेले. हॉलमधून बोलणं येत होतं. एक मासा कोपऱ्यातच बसतो, दुसरा पुढे पुढे करतो, खाणं वरच राहतं. सासूबाई हं हं करत होत्या, मध्ये काहीतरी सांगत होत्या. मग आवाज जरा खाली आला आणि त्या हसल्या.

"हो का? लहानपणापासून अशीच?" त्या म्हणत होत्या. "इथेही तेच. कुणाचं ऐकेल तर शपथ! परवा काय केलं माहितीये का हिने..."

मी मिक्सर लावलाच नाही आणि दाराआड उभी राहून ऐकू लागले.